भाचीला कानमंत्र: उजेड बघावा, जॉब कापावा

बयो, चाकणच्या बॅटरी पॅक लाइनवर तुला लेझर वेल्डिंगच्या सेन्सरचं काम दिलंय, हे तुझ्या आईने इतक्या कौतुकाने सांगितलं की मला क्षणभर वाटलं, लेझर तूच शोधून काढलास. मग हळूच म्हणाली, "दादा, तिला चार गोष्टी सांग." चारवर माझं भागत नाही हे माहीत असूनही म्हणाली, तर आता ऐक. थिअरी तुझी माझ्यापेक्षा पक्की आहे. मी सांगणार ते मशीनच्या पुस्तकात छापत नाहीत. एका दमात संपवू नको, चहाच्या सुट्टीत दोन-दोन वाच.

१. पहिली गोष्ट उशाला घेऊन झोप: सेन्सर वेल्ड बघत नाही, वेल्ड होताना सुटलेला उजेड बघतो – कुकरच्या शिट्टीवरून डाळ शिजली असेल असं आपण म्हणतो, खात्री मात्र झाकण काढून दाणा दाबल्यावरच होते.

२. हेडमधल्या तीन फोटोडायोडांची कामं तोंडपाठ कर. एक धातूच्या वाफेचा दिसणारा उजेड घेतो, दुसरा ११०० नॅनोमीटरच्या पुढचा अवरक्त उजेड म्हणजे वितळलेल्या धातूची धग, आणि तिसरा लेझरचाच परत फिरलेला किरण – कोण बोललं हे कळल्याशिवाय काय बोललं याला अर्थ नाही.

३. सुटा डायोड मागवताना चिठ्ठीवर तरंगलांबी लिही – साधा सिलिकॉनचा डायोड ११०० नॅनोमीटरच्या पुढे आंधळा, धगीसाठी इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा लागतो, आणि खरेदी खात्याला दोघांतला एकच फरक दिसतो: किंमत.

४. डायोडांपुढचे फिल्टर काढलेस तर खूण करून जिथले तिथेच बसव – फायबर लेझरचा किरण १०७० नॅनोमीटरच्या आसपासचा, तो भलत्या डायोडवर पडला की वाफेचा उजेड त्याच्यापुढे हरवून जातो.

५. धगीच्या आकड्याला अंश सेल्सिअस लावू नको, कोणी रिपोर्टात मागितलं तरी – तो आकडा वितळलेल्या डबक्याचं क्षेत्र, धातूचा पृष्ठभाग आणि तापमान या तिघांचा मिळून असतो, एकट्या तापमानाचा नाही.

६. जुने लेख वाचताना त्यातला लेझर कोणता ते आधी बघ. बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या कुमार पटेलांनी १९६४ साली अमेरिकेत बेल लॅबमध्ये कार्बन डायऑक्साइडचा लेझर बनवला, आणि पुढे वर्षानुवर्षं जाड पत्र्याचं वेल्डिंग त्याच जातीच्या मशीनवर चाललं – त्याचा १०.६ मायक्रॉनचा किरण प्लाझ्मा भरपूर गिळतो, तुझा एक मायक्रॉनचा फारसा नाही, म्हणून त्या काळचे प्लाझ्माचे आडाखे तुझ्या लाइनवर जसेच्या तसे लागू पडत नाहीत. (बारामतीची ही गोष्ट लाइनवर सगळ्यांना सांग. तिकडची पोरं दोन दिवस छाती काढून फिरतील.)

७. दर चौरस सेंटिमीटरवर साधारण दहा लाख वॅट पडले की धातू वितळून थांबत नाही, उकळतो, आणि वाफेच्या दाबाने खोल भोक पडतं, तेच कीहोल. त्याचं तोंड वर असतं आणि भानगडी बुडाशी – वर आलेल्या उजेडात बुडाची बातमी असते, पण दोघा-तिघांच्या तोंडून फिरून आलेली.

८. ते कीहोल सेकंदाला हजारो वेळा आकसतं-फुगतं, तेव्हा सॅम्पलिंग दहा-वीस हजारांच्या खाली आणू नको, आयटीवाले "डिस्क भरते" म्हणून कितीही कुरकुरले तरी – मोजणी ठोक्यांच्या दुपटीहून कमी झाली की आलेख दिसतो गुळगुळीत आणि असतो खोटा.

९. एका टॅबचं वेल्ड २०० मिलिसेकंदांचं धर. त्यात दोन मिलिसेकंद धातू उडाला आणि सिग्नल तेवढ्यापुरता अर्ध्यावर आला, तरी पूर्ण वेल्डची सरासरी अर्धाच टक्का हलते, म्हणून उसळ्या आणि खड्डे वेगळे मोजायला लाव – सरासरीच्या पदराखाली भोक झाकतं.

आता काच. इथे मी लांबण लावणार आहे. जांभई आली तरी वाच, कारण तुझ्या निम्म्या कटकटी इथे जन्मतात.

१०. पाळी सुरू होताना हेडखालची प्रोटेक्टिव्ह ग्लास काढून टॉर्च तिरपी धरून बघ, सरळ नको – डाग तिरप्या उजेडातच उठून दिसतात, सरळ उजेडात सगळ्या काचा नवऱ्यामुलासारख्या स्वच्छ.

११. वाफेचा आणि धगीचा सिग्नल दोन्ही दिवसागणिक हळूहळू उतरत असतील तर जॉबवर, मालावर, ऑपरेटरवर संशय घेण्याआधी काच बघ – सेन्सर आणि लेझर दोघंही त्याच काचेतून ये-जा करतात. काच मळली की साक्ष फिरली.

१२. आणि परत फिरलेल्या किरणाचा सिग्नल त्याच वेळी वाढला, तरी बुचकळ्यात पडू नको – मळक्या काचेवरून लेझर विखरून मागेच येतो.

१३. काच बदलताना हेडचं उघडं तोंड लगेच झाक आणि पंखा बंद कर – आत गेलेला एक कण आतल्या लेन्सवर जळून बसला तर तो खर्च काचेचा राहत नाही.

१४. फुंकर मारू नकोस गं. तोंडातला थेंब काचेवर बसतो आणि लेझर त्याला तिथेच भाजतो.

१५. नवी काच बसवल्यावर पहिले काही जॉब बाजूला ठेव आणि त्यांचा सिग्नल जुन्याशी ताडून बघ – स्वच्छ काचेतून उजेड एकदम जास्त येतो, आणि मर्यादा जर मळक्या काचेवर बेतलेल्या असतील तर चांगले जॉबही नापास होतात.

१६. पॉवर मीटर धूळ खात ठेवू नको. ठरलेल्या वारी काचेच्या खाली, जॉबच्या जागी लेझर मोज – स्क्रीनवर दिसतात ते घरातून निघालेले वॅट, जॉबवर पोचलेले किती हे मीटरलाच विचारावं लागतं.

१७. जून ते सप्टेंबर चिलरचं तापमान हवेच्या दवबिंदूच्या वर राहील असं बघ – आपल्याकडे पावसाळ्यात शेडमधली हवा ओलीचिंब असते, गार हेडमधल्या काचांवर दव धरतं, आणि सकाळचा पहिला तास सेन्सर वेड्यासारखा बरळतो.

१८. त्याच दिवसांत कॉम्प्रेसरच्या लाइनीतलं पाणी आणि तेल रोज काढायला सांग – क्रॉस जेटची हवा काच वाचवायला असते; तीच तेलकट आली तर वाचवणाराच घाण करतो.

१९. बाजूने बसवलेला सेन्सर असेल तर शेजारी मिग वेल्डिंग चालतं का ते बघ आणि मध्ये पडदा लाव – दुसऱ्याच्या ठिणगीने तुझा जॉब नापास होणं हा शुद्ध अन्याय.

२०. लेझर बंद असताना सिग्नलमध्ये सेकंदाला शंभर वेळा हलकी लहर दिसली तर आधी छताकडे बघ – आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचे दिवे शंभर वेळा लुकलुकतात.

२१. सेन्सरची केबल सर्वोच्या केबलींबरोबर एकाच ट्रेमध्ये झोपवू नको – रोबोचा हात हलला की सिग्नलला शिंक येते.

काच झाली, हवा झाली. आता मर्यादांबद्दल. मशीन बिघडून लाइनीवर जितकं नुकसान होतं, त्याहून जास्त कोणीतरी गुपचूप मर्यादा सैल केल्याने होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

२२. चांगल्या वेल्डचा नमुना-आलेख बनवताना सगळे जॉब एकाच सकाळचे घेऊ नको. बसबारचे वेगवेगळे लॉट, दिवस-रात्र दोन्ही पाळ्या, नवी काच आणि उतरणीला लागलेली काच, सगळं घे – ज्याने फक्त सणाचं घर पाहिलं, त्याला रोजचं घर पसारा वाटतं.

२३. नमुन्यात घेतलेले जॉब खरंच चांगले आहेत हे कापून ठरव, आलेख सुंदर दिसतो म्हणून नको – सारख्या चुकीचे शंभर आलेखही एकमेकांवर सुरेख बसतात.

२४. स्कॅनर हेड असेल तर मधल्या सेलचा नमुना कडेच्या सेलला लावू नको, जागेगणिक वेगळा ठेव – लेन्स लेझरच्या तरंगलांबीसाठी घासलेली असते, कडेला तिरप्या वाटेने परतणारा दिसणारा उजेड तितकाच गोळा होत नाही, वेल्ड हुबेहूब असलं तरी.

२५. वेल्डच्या सुरुवातीच्या काही मिलिसेकंदांना स्वतंत्र मर्यादा दे – गार तांबं एक मायक्रॉनच्या लेझरपैकी पाच टक्क्यांच्या आसपासच पितं आणि बाकीचं परत फेकतं. वितळलं की जास्त पितं, म्हणून सुरुवातीचा थयथयाट हा दोष नसतो. (हिरवा ५१५ किंवा निळा ४५० नॅनोमीटरचा लेझर मिळाला तर सुरुवात पुष्कळ शांत होते, पण त्याची किंमत ऐकून तुझे मॅनेजर अशांत होतील.)

२६. समज, पाळीला वीस हजार वेल्ड होतात आणि सेन्सर शंभरात एकदा उगाच ओरडतो, तर ते दोनशे खोटे गजर झाले. पहिल्या आठवड्यात ऑपरेटर धावत येईल, दुसऱ्या आठवड्यात बटण दाबेल, तिसऱ्यात बटणावर वजन ठेवेल – रोज वाजणाऱ्या घंटेला शिपाईही वळून बघत नाही.

२७. म्हणून खोटे गजर कमी कर, पण मर्यादा रुंद करून नाही. आधी क्लॅम्प, काच, माल, फोकस या क्रमाने कारण शोध – मर्यादा रुंद, झोप गाढ, आणि जाग येते ती ग्राहकाच्या फोनने.

२८. मर्यादा बदलायचा पासवर्ड तुझ्याकडे आणि आणखी एकाकडेच राहू दे, आणि प्रत्येक बदल वहीत: कोणी, केव्हा, का – "का" च्या रकान्यात "प्रॉडक्शन अडकलं होतं" असं लिहायला माणूस आपोआप लाजतो.

२९. मुद्दाम वाईट वेल्ड कर. ०.१ आणि ०.२ मिलिमीटरची शिम घालून फट ठेव, फोकस एक मिलिमीटर हलव, पॉवर दहा टक्के उतरव, तेलाचं बोट लाव, आणि कोणतं पाप सेन्सरला दिसलं ते टिपून घे – चांगल्याची ओळख सगळे पटवून घेतात, सेन्सरचा कस वाइटावर लागतो.

३०. जे दोष दिसले नाहीत त्यांची यादी मोठ्या अक्षरात लिहून मशीनला चिकटव – आंधळी बाजू माहीत असली की तिकडून कोणी येत नाही ना, हे माणूस वळून बघतो. तुझे साहेब म्हणतील, ऑडिटच्या दिवशी ती यादी काढ. तू म्हण, ऑडिटरला आवडते.

३१. ते मुद्दाम बिघडवलेले जॉब लाल रंगवून कुलपात ठेव, टेबलावर नको – वेल्डला स्वतःचं तोंड नसतं, आणि गडबडीच्या दिवशी टेबलावरचा प्रत्येक जॉब चांगलाच असतो.

३२. पाळीत एकदा शिम घातलेला जॉब न सांगता लाइनीत घाल आणि सेन्सर ओरडतो का बघ – राखणदार जागा आहे की नुसता उभा आहे, हे हाक मारल्याशिवाय कळत नाही.

मग येतो कापायचा भाग. हात काळे होतात, म्हणून नवी पिढी टाळते. तू टाळू नकोस.

३३. सिग्नलने बोट दाखवलं त्या जागी आधी पेनाने खूण कर आणि मग काप – दोन मिलिमीटर बाजूला कापलेला जॉब निर्दोष दिसतो, आणि सेन्सर फुकट बदनाम होतो.

३४. खोली बघायची तर वेल्डला आडवा छेद, आतले पोकळ फुगे शोधायचे तर लांबीत – आडव्या छेदात फुगा सापडणं हा नशिबाचा भाग आहे.

३५. नुसते नापास नाही, पास झालेलेही काप, दर पाळीला थोडे – सेन्सर चुकून काय सोडतो हे नापासांच्या डब्यात कधीच सापडत नाही.

३६. एचिंगला पोलादासाठी नायटल, ॲल्युमिनियमसाठी केलर, आणि दोन्हींच्या वाट्या वेगळ्या. केलरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, तेव्हा हातमोजे आणि फ्यूम हूड याला पर्याय नाही, अगदी "एकच जॉब आहे" असला तरी.

३७. कापलेल्या तुकड्यावर आणि सिग्नलच्या फाइलवर एकच नंबर घाल आणि तुकडा खणात नंबरवारीने ठेव – कापला तो कळला, ठेवला तो टिकला.

३८. ड्रॉइंगवर दर्जाचं अक्षर कोणतं ते आधी वाच. लेझर वेल्डच्या दोषांसाठी पोलादाला आयएसओ १३९१९-१ आणि ॲल्युमिनियमला १३९१९-२ आहे, त्यांत बी, सी, डी असे दर्जे असून बी सगळ्यांत कडक – डीच्या जॉबला बीच्या मर्यादा लावून लाइन रडवणं हीसुद्धा चूकच, फक्त ती प्रामाणिक वाटते.

३९. बॅटरीच्या जोडाला ओढून बघणं आणि रोध मोजणं सोडू नको – छेदात छान दिसणारा जोडही वीज वाहताना तापू शकतो.

आता धातूंच्या खोड्या. सगळ्या सांगत नाही, तुझ्या लाइनीला लागतील तेवढ्याच.

४०. सगळ्यांत लबाड दोष म्हणजे फट. वरचा बसबार सुंदर वितळतो, वरून वेल्ड देखणं दिसतं, आणि खालच्या टर्मिनलला धरलेलंच नसतं, म्हणून जिगच्या पट्ट्या, स्प्रिंगा आणि दाब दर आठवड्याला मोज – क्लॅम्प ढिला, सेन्सरला शिव्या.

४१. उजेड कमी झाला म्हणजे वाईटच, असं धरू नको. वेल्ड आरपार गेलं की वाफ खालूनही सुटते आणि वरचा उजेड उतरतो – गिअरच्या जॉबवर कदाचित तेच हवं असतं, सेलच्या डब्यावर मात्र त्याचा अर्थ इलेक्ट्रोलाइट गळणार.

४२. म्हणून १८६५० किंवा २१७०० सेलच्या तळावर मर्यादेची खालची बाजू जास्त डोळ्यांत तेल घालून ठरव – बसबार नीट धरला नाही तर एक जोड गेला, डबा फुटला तर शेजारचे सेलही धोक्यात.

४३. ॲल्युमिनियम तांब्यावर जोडताना खोली कमीच बरी – दोघं जास्त मिसळले की मध्ये ठिसूळ थर धरतो. स्पेक्ट्रोमीटर असेल तर ५१० ते ५२२ नॅनोमीटरमधल्या तांब्याच्या हिरव्या रेषांवर लक्ष ठेव. त्या चढल्या की लेझर खालच्या तांब्यात जास्त शिरलाय.

४४. ॲल्युमिनियमची ग्रेड बदलली की नमुना-आलेख नव्याने कर – मॅग्नेशियमवाला मिश्रधातू जास्त झगझगतो, कारण मॅग्नेशियम ॲल्युमिनियमच्या कितीतरी आधी उकळतं. वेल्ड तसंच, उजेड वेगळा.

४५. पुढे कधी बॉडी शॉपला बदली झाली तर लक्षात ठेव, जस्त चढवलेल्या पत्र्याला ०.१ ते ०.२ मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवतात – जस्त ९०७ अंशाला उकळतं, पोलाद १५०० च्या आसपास वितळतं, वाफेला वाट नाही मिळाली तर ती वेल्ड फोडून बाहेर येते. बॅटरीत जी फट वैरीण, ती तिथे मैत्रीण.

धातू झाले. आता जोडीची यंत्रं आणि माणसं.

४६. ओसीटी म्हणजे डोळ्याच्या डॉक्टरकडचं यंत्र. १९९१ साली एमआयटीतल्या मंडळींनी ते डोळ्याच्या पडद्यासाठी जगापुढे आणलं, आता तेच तंत्र हेडमधून कीहोलची खोली वेल्ड चालू असतानाच मोजतं. मात्र ती खोली भोकाची, वेल्डची नाही – भोकाखाली वितळलेला थर उरतोच, तो किती हे तुझा छेद सांगेल आणि तेवढी भर घालावी लागेल.

४७. ओसीटीचे ठिपके विखुरलेले येतात, त्यांची सरासरी काढून मोकळी होऊ नको, खोलवरच्या ठिपक्यांना मान दे – बरेच ठिपके कीहोलच्या भिंतीवरून किंवा क्षणभर मिटलेल्या तोंडावरून परतलेले असतात.

४८. वेग किंवा दिशा बदललीस की ओसीटीचा किरण कीहोलवर पुन्हा जुळव – वेगात कीहोल मागे कलतं, किरण जुन्याच जागी राहिला तर तो बुडाऐवजी भिंत मोजतो. आणि मागे राहून गेलेले फुगे त्याला दिसत नाहीत, तेवढं त्याच्याकडून मागू नको.

४९. कॅमेरा लावलास तर त्याला स्वतःचा दिवा दे, ८०८ नॅनोमीटरचा असला तर त्याच तरंगलांबीचा फिल्टरही – नाहीतर वेल्डच्या झगझगाटात पांढऱ्या गोळ्याशिवाय काही दिसत नाही, आणि तो गोळा साहेबांना दाखवायला मात्र फार छान.

५०. कोणी एआयवाला येऊन "आमचं मॉडेल सगळं पकडतं" म्हणाला तर चहा पाज आणि विचार: मॉडेलला दोष शिकवताना खरं काय होतं ते कशावरून ठरवलं? २०२३ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या कामात धातूच्या भुकटीवर चालणाऱ्या लेझरचे कीहोलचे फुगे उष्णतेच्या कॅमेऱ्यावरून त्याच क्षणी ओळखले, पण शिकवताना खरा-खोटा निवाडा सिंक्रोट्रॉनच्या एक्स-रेने केला होता – तुझ्याकडे सिंक्रोट्रॉन नाही, कटिंग मशीन आहे, तेव्हा तेच चालव.

५१. दरवाजाचा इंटरलॉक कोणी तारेने बांधला तर भांड, मोठ्याने भांड. लेझर चौथ्या वर्गाचा आहे आणि किरण दिसत नाही – तांब्यावरून परतलेला किरण डोळ्याला कळायच्या आत काम करून जातो, आणि चष्मा १०७० साठीचाच हवा, वेगळ्या लेझरचा रंगीत चष्मा नुसता शोभेचा.

५२. जुना ऑपरेटर म्हणाला "आज आवाज वेगळा येतोय", तर हसू नको. वेळ लिही आणि त्या वेळचा सिग्नल उघड – त्याने कानाने बरीच वर्षं मोजलंय, तुझ्या सेन्सरला अजून वर्ष झालं नाही.

५३. सेन्सरच्या कॉम्प्युटरचं आणि पीएलसीचं घड्याळ दर सोमवारी जुळव – दोन घड्याळांत तीन मिनिटांचं अंतर पडलं की एका जॉबचा आलेख दुसऱ्याच्या नावावर जातो आणि कोणीही खोटं न बोलता सगळी नोंद खोटी होते.

५४. बाहेरून एखादा पॅक परत आला तर जोड उघडण्याआधी त्या नंबरचा आलेख काढ, आपला अंदाज कागदावर लिहून खाली सही कर, आणि मग काप – आधी कापलं की अंदाज मागाहून हवा तसा वाकवता येतो.